मुदतीचा कारभारी

१४ सप्टेंबर २०१४

शाळेतून निवृत्त झालो त्या दिवशी दैनंदिनी लिहिणे थांबवले होते. ज्या दिवसांत दुरुस्त करण्याजोगे काही घडत नाही, त्यांची नोंद ठेवण्यात अर्थ नाही, असे माझे मत होते. आता कारण उद्भवले आहे, म्हणून वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी पुन्हा आरंभ.

११ नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवशी, स्वांत्येचा खंडाचा करार संपतो. आमच्या भागात जमिनीचे करार त्याच दिवशी सुरू होतात आणि त्याच दिवशी संपतात. त्यापूर्वी मला ठरवायचे आहे की एगेलकाम्पांची ही शेतवाडी माझ्यामागे कोणाची.

स्वांत्ये ही माझा दिवंगत मुलगा हार्टमुट याच्या पत्नीची, तिच्या पहिल्या लग्नाची मुलगी. सात वर्षांची असताना आईचा हात धरून या घरात आली. हार्टमुट गेला, तिची आई दोन वर्षांच्या आत ब्रेमेनला नवा संसार मांडून बसली, मुलगी मात्र येथेच राहिली. गेली अकरा वर्षे आमची सत्तर हेक्टर जमीन ती खंडाने करते, आणि साठ गाईही तिच्याच. तिला नवा गोठा बांधायचा आहे. बँक म्हणते, आधी शेतवाडी नावावर झाल्याचा कागद आणा. ईस्टरला तिने विचारले. मार्टिनपर्यंत सांगतो, असे मी म्हणालो. ती कष्टाळू आहे हे मी नाकारत नाही. ती एगेलकाम्प नाही, एवढेच.

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा रूडिगर हानोवरला विमा कंपनीत आहे. तो एगेलकाम्प आहे.

या वर्षी आमच्या घराला चारशे वर्षे होतात. तेरा पिढ्यांची नावे कोरलेली ओकची फळी मार्टिनच्या दिवशी दारावर लावायची, असा माझा संकल्प आहे. मजकूर तयार आहे. फक्त १७६६ ते १७७९ या काळातल्या चर्चच्या नोंदवह्या पाद्र्याच्या घराला लागलेल्या आगीत गेल्या. ही दरी मी तीस वर्षांपूर्वी आमच्या मोठ्या दाराच्या तुळईवरून ओलांडली होती. तेथे स्वच्छ कोरले आहे: ‘लुबर्ट एगेलकाम्प आणि त्याची पत्नी ताल्के, १७७४’. त्याआधीचा मालक गेर्ड एगेलकाम्प. तेव्हा लुबर्ट हा त्याचा धाकटा भाऊ असणार. परंतु ‘असणार’ हे क्रियापद मी विद्यार्थ्यांना कधी क्षमा केले नाही. स्वतःलाही करू नये.

२२ सप्टेंबर

स्वांत्येने गाडीतून सरकारी अभिलेखागारात सोडले. तिला त्याच रस्त्याने पशुखाद्य आणायचे होते. तेथील श्रीमती ताप्केन यांनी गेर्ड एगेलकाम्पच्या मृत्यूनंतरची मालमत्तेची यादी समोर ठेवली. फेब्रुवारी १७७१. कारकुनाचे अक्षर वळणदार, वाक्यरचना निर्दोष. चार घोडे, सात गाई, मधमाश्यांची अकरा पोळी, तांब्याची मोठी कढई, मृताचा कोट (‘बाह्या विरलेल्या’), लहान मुलाची खाट (‘वापरात’). शेवटी वारस: विधवा ताल्के आणि एकुलता एक मुलगा गेर्ड, वय वर्षे चार. भाऊ नाही, हे स्वतंत्र वाक्यात लिहिले आहे.

“मग तुमचा लुबर्ट आला कुठून?” ताप्केनबाईंनी विचारले. त्यांना हसू आले होते, पण त्यात कुत्सितपणा नव्हता. “सर, पुढचा गठ्ठा काढू का? चार वर्षांचा वारस म्हणजे अज्ञान पालनकर्त्याचे कागद असणारच.”

मी म्हणालो की अभिलेखागार बंद होण्याची वेळ झाली. तेव्हा सव्वातीन वाजले होते.

२५ सप्टेंबर

सकाळी स्वांत्येने नेहमीप्रमाणे दुधाचे भांडे पायरीवर ठेवले. मी तिला सांगितले की भांडे झाकले नव्हते. ती म्हणाली, “झाकण तुमच्याकडेच आहे आजोबा, कालचं.” ‘आजोबा’ हे संबोधन तिने पहिल्या आठवड्यापासून धरले आहे. मी ते कधी मान्य केले नाही. पण दुरुस्तही केले नाही, ही माझी चूक.

दुपारी कुंपणापाशी विल्म फेन्ने भेटला. आम्ही एकाच वर्गात होतो. तो शेवटच्या बाकावर. फळी कुठवर आली, असे विचारून म्हणाला, “घोड्याचं वय दातावरून कळतं, शेतकऱ्याचं नाव दारावरून. माझा खापरपणजोबा मोलबर्गेनचा. विधवेशी लग्न करून आमच्या घरात शिरला आणि रविवारच्या प्रार्थनेला फेन्ने होऊन बाहेर पडला. तुमच्यात नाही का कुणी घरजावई घुसलेला?”

प्रथा मला माहीत आहे. या मुलखात नाव जमिनीला चिकटते, माणसाला नाही. जो घरात लग्न करून येतो तो घराचे नाव घेतो. मी त्याला सांगितले की फेन्नेंच्या घरी असे घडले असेल.

३० सप्टेंबर

पुन्हा अभिलेखागार. अज्ञान पालनकर्त्याचा गठ्ठा, सत्तेचाळीस पाने. मी उतरवून घेतले ते असे.

गेर्डच्या मृत्यूनंतर चौदा महिन्यांनी विधवा ताल्केने घरच्या मुख्य गड्याशी, लुबर्ट श्वेगमान याच्याशी, लग्न केले. जमीनदाराची अट होती की शेतवाडीवर पुरुष हवा. लुबर्टने घराचे नाव घेतले. त्याला ‘मुदतीचा कारभारी’ नेमले गेले: लहान गेर्डला पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत त्याने घर चालवावे, मग ते गेर्डच्या हाती देऊन पत्नीसह मागच्या खोपटात म्हातारपण काढावे. मुलावर देखरेखीसाठी दोन शेजारी अज्ञान पालनकर्ते म्हणून नेमले. लुबर्टने सहीच्या जागी फुली मारली आहे. त्याला लिहिता येत नव्हते.

आमचा वंश लुबर्टच्या मुलापासून, हिन्रिकपासून, चालतो. ताल्के दुसऱ्या गावची.

याचा अर्थ येथे लिहिण्याचे कारण नाही. मला तो कळला आहे.

३ ऑक्टोबर

जर्मन एकीकरण दिनाची सुट्टी. घराबाहेर पडलो नाही.

माझे आजोबा रात्रीच्या जेवणापूर्वी त्या तुळईखाली उभे राहून म्हणत, एगेलकाम्प वाकत नाही. मी ते वाक्य दोनदा लॅटिनमध्ये भाषांतरित केले आहे. ते श्वेगमान होते. मी श्वेगमान आहे. एका फुली मारणाऱ्या गड्याचा वंशज.

९ ऑक्टोबर

सर्वांत वाईट पाने शेवटी होती.

१७८८. गेर्ड एकवीस वर्षांचा, हिन्रिक पंधरा. दोन्ही अज्ञान पालनकर्ते कचेरीत हजर होऊन जबानी देतात की पाल्य मंदबुद्धी असून शेतवाडी चालवण्यास असमर्थ आहे, सबब ती हिन्रिककडे जावी. त्यांपैकी एकाला त्याच वर्षी आमच्या जंगलातून इमारती लाकूड मिळाल्याची नोंद आहे. मी ती दोनदा वाचली.

त्याच गठ्ठ्यात गेर्डचे स्वतःच्या हातचे पत्र आहे. तो कचेरीला कळवतो की ओढ्याकाठचे शेत मार्चपूर्वी नांगरू नये, खालची चिकणमाती वर येते. टेकाडावर राय हे धान्य पिकते, पण लागोपाठ तीन वर्षे घेऊ नये. मधली कुरणवाट शेजारी आपली म्हणतात, ती आमची आहे. खुणेचा दगड आईने मला दाखवला आहे. आणि शेवटी: ‘मला वेडा ठरवले असे समजले. मी शेतीबद्दल काय चुकीचे बोललो ते कृपया कळवावे, म्हणजे सुधारीन.’

त्याखाली तीन आठवड्यांनंतरचा हक्कसोडीचा कागद. त्यावर त्याची सही, अक्षर तेच, फक्त लहान झालेले. बदल्यात कुरणाच्या कडेची एक झोपडी आणि एका गाईची चराई.

ओढ्याकाठच्या शेताविषयी तो म्हणतो ते खरे आहे. स्वांत्येही ते मार्चपूर्वी नांगरत नाही.

१२ ऑक्टोबर

दुपारी खुर्चीत डोळा लागला. जागा झालो तेव्हा स्वांत्ये टेबलाशी उभी राहून माझी उतरवलेली पाने वाचत होती, एका हातात सुपाचे भांडे. मी म्हणालो की खाजगी कागद वाचणे असभ्यपणाचे आहे.

“सूप ठेवायला जागा करत होते,” ती म्हणाली. “म्हणजे आजोबा, लुबर्ट आपल्याकडचा गडीच होता?”

‘आपल्याकडचा’ या शब्दाची मी नोंद घेतली.

“एका गड्याला घरानं नाव दिलं, शेत दिलं, आणि अडीचशे वर्षं कुणी हूं की चूं केलं नाही. मग माझ्याच वेळी एवढी चाळण कशाला?”

मी समजावून सांगितले की एका काळची प्रथा हा दुसऱ्या काळचा अधिकार नव्हे. तिला नाव हवे असल्यास तो प्रश्न वेगळा.

“नाव ठेवा तुमच्याकडे. मला गोठा हवाय.” ती हसली, मग हसू आवरले. “त्या गेर्डला त्यांनी निदान कारण तरी दिलं, खोटं का होईना. मला तुम्ही काय देणार?”

मी म्हणालो की संशोधन अजून पूर्ण झालेले नाही. सूप ताकाचे होते, मला आवडते तसे. ती गेल्यावर प्यालो. थंड झाले होते.

१६ ऑक्टोबर

चार दिवस नीट झोप नाही. स्पष्टपणे लिहितो: स्वांत्येचे म्हणणे मी उलटून पाहिले आणि त्यात तर्कदोष सापडला नाही. रक्त हा निकष धरला तर मी स्वतः उपरा ठरतो. घरात राहणे आणि जमीन कसणे हा निकष धरला तर शेतवाडी तिची. तिसरा निकष मला सुचत नाही. उद्या नोटरीला दूरध्वनी करून तिच्या नावाचा मसुदा मागवावा काय?

१७ ऑक्टोबर

दूरध्वनी केला नाही. सकाळी विचार अधिक स्वच्छ असतात. लुबर्टपासून माझ्यापर्यंत आणि रूडिगरपर्यंत वंश अखंड आहे, आठ पिढ्या. तत्त्व अबाधित राहते. फक्त आरंभाचे वर्ष बदलते. शिवाय एकदा परका घरात आला ही चूक झाली असेल, तर ती पुन्हा करणे हा तिचा उपाय नव्हे. हे वाक्य लिहून काढल्यावर समाधान वाटले.

ताप्केनबाईंना कळवले की माझे काम संपले, आणि गठ्ठ्यातील मजकुराची वाच्यता कोठे होऊ नये. त्यांनी उत्तर दिले की अभिलेखागार सर्वांना खुले आहे. आणि गेर्डचे पुढे काय झाले ते सवडीने शोधू का, असेही विचारले. 

२६ ऑक्टोबर

रूडिगर आला होता. कॉफीबरोबर केक त्याने शहरातून आणला. अंगण पावलांनी मोजले, धान्याच्या कोठाराची छायाचित्रे काढली, ओकची झाडे तोडायला सरकारी परवानगी लागते का ते विचारले. गाईंकडे गेला नाही. त्याला वासाचा त्रास होतो. शेतवाडी घेणाऱ्याला शेतीचे शिक्षण हवे अशी कायद्याची अट आहे; त्याने तरुणपणी शेतीची पदविका घेतली आहे, तेवढे पुरते. मी त्याला फळीचा मजकूर दाखवला.

“छान आहे काका. पण मला विचाराल तर, कोण कुणाच्या पोटचा याच्याशी आज कुणाला घेणंदेणं नसतं. जमीन ज्याच्या नावावर, त्याची.”

मतात रुक्षपणा असला, तरी विचाराची स्पष्टता आहे. निघताना त्याने स्वांत्येला हात केला. ती ट्रॅक्टरवर होती, दिसला नसावा.

४ नोव्हेंबर

नोटरीच्या कचेरीत सही केली. शेतवाडी रूडिगरच्या नावे. घराच्या दक्षिणेकडच्या तीन खोल्यांत मला हयातभर राहण्याचा हक्क. मसुद्यात दोन स्वल्पविराम चुकीच्या जागी होते. नोटरीने ते काढले.

६ नोव्हेंबर

स्वांत्येला सांगितले. ती दुधाची टाकी धूत होती. मी सर्व मुद्दे क्रमाने मांडले: वंश, तत्त्व, तिच्याविषयी माझ्या मनात किंतु नाही हे. तिने नळ बंद केला नाही, म्हणून मला आवाज चढवावा लागला.

“बरं,” ती म्हणाली.

थोड्या वेळाने नळ बंद करून म्हणाली की तिला अंदाज होताच. मेक्लेनबुर्गमध्ये एका चर्चच्या संस्थेची जमीन ती ऑक्टोबरातच पाहून आली आहे. नव्या वर्षापासून मिळण्यासारखी आहे. तोवर गाई तेथेच एका भाड्याच्या गोठ्यात ठेवील.

“सकाळचं दूध तुम्हाला कोण आणून देणार, ते ठरवलंय का?”

गावात दुकान आहे, मी म्हणालो.

“दुकानातलं तुम्ही पीत नाही.”

हे खरे आहे. मी म्हणालो की माणूस सवय बदलू शकतो. तिने माझ्याकडे असे पाहिले की मी तिला काही चुकीचे बोललो का, हे विचारण्याचे माझ्या मनात आले. विचारले नाही.

११ नोव्हेंबर

मार्टिनचा दिवस. पहाटे पाच ट्रक आले. साठ गाई चढवायला तीन तास लागले. शेवटची एक म्हातारी गाय ट्रकच्या उतरणीवर पाय ठेवीना. स्वांत्येने तिच्या मानेवर हात ठेवून तिला काहीतरी हळू सांगितले, मग ती चढली.

निरोप घ्यायला ती पायरीपाशी आली. मी हात पुढे केला. तिने हात घेतला नाही. माझ्या कोटाची वरची गुंडी उघडी होती, ती लावली आणि गेली.

दुपारी फळी दारावर लावली. तेरा नावे, सातवे लुबर्ट एगेलकाम्प. ते असत्य नाही, तो त्याच नावाने मेला. रूडिगरला काम निघाल्याने तो येऊ शकला नाही. फेन्ने तेवढा आला. फळी वाचून म्हणाला, “अक्षर सुरेख आहे.” मग ओस पडलेल्या गोठ्याकडे बघून, “आता हे वाचणार कोण, दीटहेल्म?”

२४ नोव्हेंबर

पहाटे पाचला जाग येते. दूध काढण्याच्या यंत्राचा आवाज येत असे, म्हणून. आता यंत्र नाही, जाग आहे.

रूडिगरचे पत्र. जमीन तो एका कंपनीला देत आहे, ती इंधनवायू बनवण्यासाठी सर्वत्र मका लावील, ओढ्याकाठीसुद्धा. गोठा वसंतात पाडणार. माझ्या तीन खोल्यांसंबंधी तो लिहितो की शहरातल्या एखाद्या चांगल्या वृद्धनिवासाचा मी ‘खुल्या मनाने’ विचार करावा. पत्रात चार चुका आहेत. लाल पेनाने खुणा केल्या आणि खणात ठेवून दिले.

३ डिसेंबर

ताप्केनबाईंचे जाड पाकीट. मी मागितले नव्हते. त्यांना गेर्ड सापडला.

झोपडीत राहून तो दर उन्हाळ्यात गवत कापायला हॉलंडला पायी जात असे. लग्न नाही. १८२९च्या जानेवारीत मेला, तेव्हा त्याच्या चीजवस्तूंची यादी झाली ती अर्ध्या पानाची: खाट, विळा, लोकरी पांघरूण, खुर्ची एक. मृत्यूची खबर देणारा शेतवाडीचा मालक हिन्रिक एगेलकाम्प. कारकुनाने नियमाप्रमाणे विचारले, मृताशी आपले नाते काय? हिन्रिकचे उत्तर लिहिलेले आहे: ‘काही नाही.’ वारस नसल्याने वस्तू गरीबनिधीत जमा.

एकाच आईच्या पोटचे! एका छताखाली वाढलेले, त्याच तांब्याच्या कढईतले खाल्लेले. ज्याचे सर्वस्व घेतले, त्याला मेल्यावर एक शब्दसुद्धा देऊ नये? कसा हा माणूस, आणि कोणत्या हाताने त्याने त्या उत्तराखाली सही केली असेल? आणि याचे नाव मी फळीवर आठवे कोरले आहे. दिवसभर मन स्थिर झाले नाही. संताप होतो.

९ डिसेंबर

मेक्लेनबुर्गच्या त्या चर्चच्या संस्थेकडून छापील अर्ज आला. स्वांत्येला जमीन देण्यापूर्वी त्यांना आधीच्या मालकाचे प्रमाणपत्र हवे आहे. त्याशिवाय करार होणार नाही. सोबत तिची दोन ओळींची चिठ्ठी: ‘त्रास देते, माफ करा. म्हातारी गाय बरी आहे.’

गुणांचा रकाना लगेच भरला. ती जमीन जाणते, जनावरे जाणते, करार पाळते. तिच्याइतकी उत्तम शेती आमच्या वाडीवर मी पाहिलेली नाही. तीन वाक्ये, एकही विशेषण अतिरिक्त नाही.

त्याखालचा रकाना: ‘अर्जदाराशी आपले नाते.’ तो उद्या.

११ डिसेंबर

दोन दिवस तो कागद टेबलावर आहे.

रक्ताचे नाते नाही. कायद्याचेही नाही: हार्टमुट तिला दत्तक घेणार होता, कागद तयार होते, आणि मी त्याला वंशाच्या कारणावरून थांबवले, हे येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. तिने मला जे म्हटले, ते लिहावे तर सरकारी कागदावर असत्य विधान होते. रिकामे सोडावे तर अर्ज अपुरा ठरून तिला जमीन मिळणार नाही. पेन हातात धरून बराच वेळ बसलो. चूल विझली, ते नंतर लक्षात आले.

शेवटी लिहिले: ‘पूर्वीची खंडकरी.’

दोनदा वाचून पाहिले. एकही चूक नाही. पाकीट बंद केले आहे.